चिसोमोचा वाडगा

मलावीतल्या एका खेड्यातली शाळा रंगवून द्यायला आमच्या चर्चची मंडळी गेली होती. पहिल्याच संध्याकाळी शेजारची चिसोमो वाडगाभर उकडलेल्या शेंगा देऊन गेली. भांडं रिकामं कसं परत करायचं, म्हणून एस्तेरकाकूंनी त्यात चिवडा भरला. तिकडेही तीच रीत निघाली. वाडगा रताळी घेऊन परत आला.

मग लाडू गेले, पपई आली. चकल्या गेल्या, अंडी आली.

"काकू, आपण इथं द्यायला आलोय," पाळकसाहेब वैतागले.

"मी देतेच आहे. तीच ऐकत नाही."

निघताना काकूंनी उरलंसुरलं लोणचं भरून वाडगा पोचवला. "झाली फिट्टंफाट," म्हणत पाळकसाहेब बसमध्ये बसले.

बस हलली, तशी चिसोमो धावत आली आणि पेरूंनी भरलेला वाडगा तिनं खिडकीतून त्यांच्याच मांडीवर ठेवला.

पाळकसाहेबांनी एक पेरू खाल्ला.

"काकू, पुढच्या वर्षी चिवडा जरा जास्त करा."