मशीनमधून न गेलेला रोल

"हा रोल मशीनमधनं जाणार न्हाई म्हंजी न्हाई!" गोकुळनं मूठ उघडलीच नाही.

दिल्लीच्या विमानतळावर मागं रांग खोळंबली होती, पण गडी हटतोय कुठला! दौंडात स्टेशनसमोर त्याचा फोटो स्टुडिओ. रोल धुवायच्या अंधाऱ्या खोलीत तो बायकोलासुद्धा पाऊल टाकू देत नसे. उजेडाची तिरीप लागली की रोल मेला. मशीनच्या किरणांनीही तसंच होतं, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. आणि वाचलेलं चारचौघांत सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

तपासणीवरचा जवान वैतागला. "भाईसाब, कुछ नहीं होता."

"तुमको नहीं होता, मेरेको होता! इसमें मेरी माँ है!"

होतीच. लोकरीचं सूत कातण्यात हयात घालवलेल्या धुरपदाबाईंचा आदल्या दिवशी सत्कार झाला होता. आयोजकांचा फोटोवाला ऐनवेळी आलाच नाही, म्हणून गोकुळनंच अख्खा रोल संपवला. तिकडं वडगाव रासाईला त्याचे वडील, आबा, अंथरुणाला खिळलेले. निघताना म्हणाले होते, "मला काय येता येत न्हाई. तिला फोटूत तरी दाव रं."

धुरपदाबाईंनी त्याची बाही ओढली. "जाऊ दे की मशिनीतनं. कशाला तंटा?"

"आई, तुला यातलं काय कळतंय?"

"व्हय बाबा," म्हणत त्यांनी बाही सोडली. सकाळपासून तशा गप्पच होत्या. विमानाची धास्ती घेतली असंल, असं गोकुळनं धरलं.

शेवटी मोठा साहेब आला. त्यानं प्लास्टिकची डबी उघडली, आतला गुंडाळलेला बंद रोल हातात फिरवून पाहिला आणि परत दिला. गड सर झाला!

विमानात बसल्यावरही गोकुळची कळी खुललेलीच. आईच्या बोटांना मात्र रिकामं राहणं ठाऊक नव्हतं; पिशवीची सुटलेली दोरी ती घट्ट, सुबक गुंडाळत होती.

"बघितलंस? बोलायला लागतं! उद्या फोटो आबांच्या हातात."

धुरपदाबाईंनी दोरी खाली ठेवली आणि त्याचा हात धरला.

"लई आशा धरू नगं, लेकरा. पहाटं मला राहवलं न्हाई. बल्बाखाली बसून समदी पट्टी बाहेर वढून बघितली, एकबी फोटू उमटला न्हवता. तुला वाईट वाटंल म्हून परत व्हती तशी गुंडाळून ठिवली."