टिल्ली घाबरत नाही

टिल्ली पुन्हा हसली.

“कट!” दिग्दर्शक खुर्चीतून उठला. “अगं बाई, भूत आहे ते! भुताला बघून कोणी हसतं का?”

“पण मावशीचे दात निसटतायत,” टिल्ली म्हणाली.

ते खरंच होतं. भूत झालेली बाई पाठ वळवून अंगठ्याने सुळे वर दाबत होती. पांढरे डोळे, हिरवट गाल, कपाळावर रक्ताचा ओघळ. मेकअपला अख्खी सकाळ गेली होती. पण ती अख्खी सकाळ टिल्ली शेजारच्या स्टुलावर बसून होती. रक्ताची बाटली तिनेच धरली होती. आता तिला कोण घाबरवणार?

सिनेमा शापाचा होता. एका घराण्यातल्या बायकांना लागलेला शाप. तो आईच्या डोळ्यांतून मुलीत उतरतो. मेलेली आई दारात येऊन नुसती बघते, आणि मुलीचे पाय जागच्या जागी थिजतात. त्या घरातल्या मुली उंबऱ्याच्या आतच म्हाताऱ्या होतात. टिल्लीला काम एकच होतं. दाराकडे बघायचं आणि घाबरायचं. बोलायचंसुद्धा नव्हतं.

तिची आई दिव्यांच्या मागे उभी होती. सकाळपासून ती बसलीच नव्हती. जमिनीवरच्या वायरी तिने चपलेने कडेला सारल्या. दिव्याचा स्टँड डुगडुगतो का ते हलवून पाहिलं. खिळे वर आलेली एक फळी कोपऱ्यात नेऊन पालथी घातली. सेटवरची माणसं तिला पाठीमागे ‘इन्स्पेक्टर’ म्हणायला लागली होती. तिच्या कानावर ते आलं होतं. म्हणेनात का.

दिग्दर्शकाने तिला बाजूला बोलावलं. आता त्याचा आवाज लोण्यासारखा झाला होता.

“ताई, असं करू. तुम्ही मेकअपच्या खोलीत जमिनीवर पडून राहा, डोळे मिटून. आम्ही टिल्लीला सांगतो, आईला खरंच शाप लागला. तिला आत आणतो, कॅमेरा चालूच ठेवतो. दोन मिनिटांचं काम.”

“आणि तिसऱ्या मिनिटाला?”

“उठून बसा की! चॉकलेट देऊ तिला. मुलं विसरतात हो.”

“विसरतात ती मोठी माणसं.”

“सगळेच असं करतात, ताई.”

“करत असतील. माझ्या पोरीला ‘तुझी आई मेली’ असं कोणी सांगायचं नाही. खरंच मेले तरी मीच येऊन सांगेन.”

कॅमेरामन फिस्सकन हसला. दिग्दर्शक हसला नाही.

“मग मला दुसरी मुलगी बघावी लागेल. एवढं चांगलं काम हातचं जाईल हिचं. नीट विचार करा.”

आता त्याचा आवाज चढला होता. मोठ्या आवाजाच्या माणसांपुढे आई नेहमीच बिचकत असे. काल टिल्लीने सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं, मी सिनेमात आहे म्हणून. तरी ती जागची हलली नाही.

“बघा दुसरी. घाबरत नाही म्हणून काढताय ना? खुशाल काढा. सात वर्षं मी तेवढंच जपलंय. बुवा येईल, पोलीस नेईल, असं म्हणत एक घास भरवला नाही हिला. आजीलासुद्धा म्हणू दिलं नाही. आमच्या घरात भीतीने पाऊल टाकलेलं नाही. तुमच्या सिनेमासाठी तर मी मुळीच दार उघडणार नाही.”

तिने टिल्लीची पिशवी खांद्याला लावली आणि थेट दिव्यांच्या उजेडात शिरली.

“चल. घरी जायचंय.”

“का? माझं काम कुठे झालंय?”

“तुला घाबरायचं होतं. तुला नाही येत ते. येऊही नये.”

टिल्लीने कपाळावर हात मारून घेतला. “आई, मला खरंखरं घाबरायचं होतं का? मला वाटलं खोटंखोटं! सगळे नुसते ‘घाबर, घाबर’ म्हणतायत. घाबरल्याचं तोंड करून दाखव, असं कोणी म्हणालंच नाही.”

दिग्दर्शकाने कॅमेरामनकडे पाहिलं. कॅमेरामनने खांदे उडवले.

“बरं बाई,” दिग्दर्शक म्हणाला, “दाखव करून.”

आईने पिशवी खाली ठेवली नाही. ती तशीच दोन पावलं मागे सरली.

भूत दारात आलं. दात आता जागेवर होते. त्याने पांढऱ्या डोळ्यांनी टिल्लीकडे पाहिलं.

टिल्लीच्या भुवया वर चढल्या. श्वास छातीतच अडकला. ओठ उघडले, पण त्यातून आवाज फुटेना. एक हात आपसूक पुढे झाला, बोटं ताणलेली, काहीतरी पडायच्या आत झेलायचं असावं तशी. चहाचा कप तोंडाशी नेणारा लाइटवाला तसाच थांबला. भूत चक्क मागे सरकलं. तसं काही ठरलेलं नव्हतं.

“कट,” दिग्दर्शक जवळजवळ कुजबुजला. मग तो टिल्लीसमोर उकिडवा बसला. “अगं ए, हे कुठे शिकलीस तू?”

टिल्लीने चेहरा पुसल्यासारखा बदलला.

“हे होय? हे आईचं तोंड आहे. मी जिना उतरायला लागले की ती असंच करते. सायकलवर बसले की पण. शाळेत जायला निघाले की पण.” मग तिने आईकडे वळून मोठ्या ऐटीत सांगून टाकलं, “आणि मी अजून एकदासुद्धा पडले नाही!”