कपाटातला रेडिओ

विठू कोळी वादळात बुडाला. पण हे आपण ऐकलंच नाही असं समजू. कारण छप्पन साली पनवेल बंदरावर नुकताच सरकारी रेडिओ आला होता, तो वादळ आदल्या दिवशीच सांगणार होता, आणि विठूने त्याच्यापुढे नारळसुद्धा फोडला होता. "आता विज्ञान तुमच्या पाठीशी आहे," असं म्हणून बंदर खात्याच्या साहेबांनी रेडिओ चालू केला, कोणी बटणं पिळू नयेत म्हणून जाड लाकडी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन ते अलिबागला गेले.

गुरुवारी संध्याकाळी कपाट पुटपुटू लागलं. विठूने दाराला कान लावला.

"काय बोलतंय गो?"

"गानी लावली असतील," त्याची बायको कृष्णाबाई म्हणाली. "वादळ असतं तर साहेब सांगाया आलं नसतं? जावा तुमी, ओहोटी चुकल."

पंधरा दिवसांनी तिने शाळेतल्या सॉल मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला:

"मेहेरबान साहेबांस, गुरुवारचा इशारा कपाटामुळे ऐकू आला नाही. या खेपेस मी नवऱ्यास जाऊ देणार नाही. तरी तोच इशारा, कपाट उघडून, त्याच गुरुवारी पुन्हा देण्यात यावा, ही विनंती."