धार लावून

"दुसऱ्याचं हत्यार परत करायचं ते धार लावून. बोथट आणलंस तर दारात उभा करणार नाही!"

सुतारकाम शिकवणारे वस्ताद जाऊन वीस वर्षं झाली, तरी कुणाची पटाशी मागून आणली की मिस्त्रींच्या कानात तो आवाज खणखणायचा. आज हातात पटाशी नव्हती, तरी खणखणला. समोर रंधा मारायच्या बाकावर, भुशात, लेकीचा जुन्या बाजारातला लॅपटॉप उघडा होता. बिजागरी मोडलेली, तिला मिस्त्रींनीच पितळी पट्टी ठोकून दिलेली. पडद्यावर एका कपाटाचं दार उघडत होतं, मिटत होतं. फर्निचर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचं काम. उद्या परीक्षकांपुढे मांडायचं होतं. त्याआधी बाबांनी बघावं, म्हणून ती सकाळपासून घुटमळत होती.

मिस्त्रींनी तीन पायांचं स्टूल ओढलं आणि बसले.

"वर्गातली पोरं ही चित्रं ज्यात काढतात ते सॉफ्टवेअर महागडं असतं म्हणालीस. तुला कुठून मिळालं?"

"माझं वेगळं आहे, बाबा. हे फुकट मिळतं."

"फुकट? कुणाचं उचललंस?"

"उचललं नाही हो! कुठले कुठले लोक मिळून बनवतात, आणि लागेल त्याला देऊन टाकतात."

"वेडे आहेत का?"

"तुमच्याइतकेच. शाळेची मोडकी बाकं तुम्ही नाही फुकट ठोकून देत?"

"ती बघवत नाहीत मला."

"त्यांचंही तेच."

मिस्त्री हसले नाहीत. चार वर्षांत लेकीच्या कामाला ते 'हं'च्या पुढे गेले नव्हते. आज तो 'हं'सुद्धा आला नाही. पडद्यावरचं दार तेवढं हलत राहिलं.

"चार वर्षं लोकांचं हत्यार वापरलंस," ते म्हणाले. "परत काय दिलंस?"

लेकीनं दाराचा एक कोपरा मोठा केला. चौकट दिसली, चौकटीतली खाच दिसली, खाचेत बसलेली फळी दिसली.

"आधी हे फळी अगदी घट्ट बसवायचं. मी त्या लोकांना लिहिलं, की ओल धरली की लाकूड फुगतं, चौकट फोडतं. त्याला जागा सोडा. किती सोडायची त्याचं गणितही करून पाठवलं. त्यांनी तपासलं, घेतलं. आता कुणीही, कुठंही दार काढलं, की जागा आपोआप सुटते."

मिस्त्री पुढे वाकले. "नाणं सरकेल एवढी?"

"नाणं सरकेल एवढी. कुणी शिकवलं विचारत होते. लिहिलं, बाबांनी."

मिस्त्रींनी खांद्यावरचा मळलेला पंचा घेऊन बोटं पुसली, एकेक करून. मग तर्जनी पडद्यावरच्या त्या फटीवरून हळूच फिरवली, वरपासून खालपर्यंत, जशी खऱ्या लाकडावरून फिरवत.

"बाबांनी नाही, वस्तादांनी," ते पुटपुटले. आणि मग, "हं."

लेकीला तेवढं पुरे होतं. ती लॅपटॉप मिटायला लागली.

"थांब."

ते उठले. ज्यावर बसले होते ते स्टूल उचलून त्यांनी बाकावर ठेवलं. पहिल्या वर्षी तिनं केलेलं, एक पाय किंचित तिरका, बैठक बसून बसून गुळगुळीत झालेली.

"हे आणलंस ना, त्याच दिवशी आवडलं होतं मला," मिस्त्री म्हणाले.