तोकी जेवायला आले तेव्हा

यंत्राकडून सुटलेल्या जागी हाताने भाताची रोपं लावत इसाबुरो खाचरात वाकला होता, तेवढ्यात दोन तोकी त्याच्यापासून आठ-दहा हातांवर उतरले. तांबडं तोंड, लांब वाकडी चोच. म्हातारा होता तसाच थिजला.

बांधावर त्याची बायको सुएको चहाची किटली घेऊन उभी होती. "हलू नका हं," ती पुटपुटली.

जपानच्या सादो बेटावरून हे पक्षी एकदा पार नाहीसे झाले होते. पुन्हा वाढवून सोडले, तेव्हापासून गावातल्या निम्म्या खाचरांत उतरले, इसाबुरोच्या सोडून. पक्ष्यांना चिखलात मासे-किडे मिळावेत या सुएकोच्या हट्टापायी त्याने तीन वर्षं औषधाची फवारणी बंद ठेवली होती. तण उपटून उपटून कंबरेचा खुळखुळा झाला होता. येता-जाता तो तिला ऐकवायचा, "कुठायत गं तुझे पाहुणे?"

पाहुणे आता त्याच्या कालच्या लावणीवरून चालत होते. पावलागणिक एक रोप आडवं.

"अगं, तुडवतायत!" तो ओठ न हलवता म्हणाला.

"तुडवू देत."

"कंबर गेली माझी."

"जाऊ दे."

एक तोकी अगदी जवळ आला. चिखलात चोच खुपसून त्याने वळवळता मासा वर काढला, इसाबुरोकडे नीट बघितलं आणि गिळला. आधीच वाकलेला इसाबुरो आणखी थोडा वाकला.

रस्त्यावर गाडीचं दार धाडकन वाजलं. शेजारचा मानजी आला होता. पक्षी उडाले, पंखांखालचा गुलाबी रंग इसाबुरोच्या डोक्यावरून निघून गेला.

"वाट लावली की रे रोपांची!" मानजी खो खो हसला. "तरी सांगत होतो, फवारत जा."

इसाबुरो कंबर धरून हळूहळू सरळ झाला. "माझी रोपं, माझे तोकी. तुडवतील नाहीतर नाचतील! तुझ्याकडे ढुंकून तरी बघतात का? आणि दार हळू लावत जा. इथे कुणी जेवत असतं."

दुपारभर तो आडवी रोपं उभी करत राहिला. सुएकोही मदतीला उतरली. एका ठिकाणी चार रोपांची जागा मोकळीच दिसली. चिखलात लांब बोटांचा एक ठसा होता. ती रोप घेऊन वाकली.

"तिथे नको," इसाबुरो तिच्याकडे न बघताच म्हणाला.