म्हातारा गोलकीपर

फुटबॉल संघ चालवण्याच्या गेममध्ये आमच्या ह्यांची एक युक्ती होती. करार संपत आला की म्हाताऱ्या गोलकीपरपुढे निम्म्या पगाराचा नवा करार ठेवायचा.

"जाणार कुठे? झक मारत सही करेल."

"चालेल साहेब," अशी अक्षरं पडद्यावर उमटायची. दर वेळी फोटोतल्या गोलकीपरची मान आणखी खाली गेलेली असायची. हल्ली चेहराही दिसत नव्हता.

आज खेळता खेळताच ह्यांना कंपनीतून फोन आला. ह्यांचाही करार संपत होता. पलीकडून ‘निम्मा पगार’ एवढं मलाही ऐकू आलं.

"चालेल साहेब," हे शेवटी म्हणाले.

"अहो, निम्म्यात घर कसं चालायचं?" मी मागून विचारलं.

खुर्चीतले हे हलले नाहीत. पडद्यावरच्या गोलकीपरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.