पटकथेतला भाऊ

लेखकाने आपल्या बहिऱ्या बहिणीवर चित्रपट लिहिला होता. तिची भूमिका करणारी अभिनेत्री एका दुपारी तिला भेटायला घरी आली. त्यासाठी ती दोन महिन्यांत खुणांची भाषा शिकली होती.

"तुमच्याकडे सगळेच हातांनी बोलत असतील ना, सर?"

"गरजच पडली नाही. ती भाषा ताई तिच्या शाळेत शिकली, पण तिला ओठ वाचता येतात. लहानपणापासून तिने आमच्याशी छान जुळवून घेतलंय," लेखक म्हणाला.

चहा निवून गेला, तरी दोघींचे हात थांबेनात. घरातले तिच्याशी तोंड वासून कसे बोलतात, याची ताईने नक्कल केली आणि अभिनेत्री हसून हसून बेजार झाली. ताई विनोद करते, हे घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. आई हातातलं ओलं पातेलं तसंच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

मग ताईने टीपॉयवरची पटकथा उचलली, मधलं एक पान उघडलं, त्यावर बोट ठेवलं आणि भावाकडे बघत हातांनी सावकाश काहीतरी विचारलं. त्याने सवयीने मान डोलावली. ताई त्याच्याकडे बघतच राहिली.

तिला ओठ दिसू नयेत म्हणून तोंड फिरवून त्याने अभिनेत्रीला विचारलं, "काय म्हणतेय?"

अभिनेत्रीने ताईच्या बोटाखालचं पान पाहिलं.

"हातांनी बहिणीची समजूत काढणारा हा भाऊ त्यांना फार आवडलाय, सर. तो कोणावरून लिहिलात, असं विचारतायत."